दुसरा आवाज तुमचा असू द्या



राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं एक ठराव केला. पतीच्या निधनानंतर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची, या प्रथा गावात बंद करायच्या. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्यानं १८५६ मध्येच मान्यता दिली होती. शाहू महाराजांनीही १९१७ मध्ये करवीर संस्थानात तसा कायदा केला. मग एवढ्या वर्षांनी या ठरावाची गरज का पडली? कारण कायदा परवानगी देतो, पण माणूस वागतो ते भावकीकडे आणि शेजारपाजाऱ्यांकडे बघून.

अशा प्रथा टिकतात त्या सगळ्यांना पटतात म्हणून नव्हे. मनातून न पटलेली माणसंही गप्प राहतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या गप्प राहण्याला संमती समजतो. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत डोळ्यांना स्पष्ट दिसणाऱ्या रेषांच्या लांबीबद्दलही सुमारे एक-तृतीयांश उत्तरं चुकीच्या बहुमतामागे गेली. मात्र गटातल्या एकानं जरी खरं उत्तर दिलं, तरी हे झुकणं झपाट्यानं कमी झालं. हेरवाडच्या ठरावाचं मोल इथं आहे: खासगीत कुजबुजलेली नापसंती त्यानं चारचौघांत मांडली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहू महाराज सर्वांदेखत चहा घेत, तेव्हाही हेच घडत होतं. शिवाशिव मोडायला हुकूम पुरत नाही, मोडणारा माणूस लोकांना दिसावा लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

कुणी म्हणेल, ठरावानं मनं बदलत नाहीत. खरंच आहे. पण ज्या सुनेला, ज्या भावाला नकार द्यायचा आहे, त्यांच्या पाठीशी आता गावाचा शब्द आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: रूढी मोडत गेलो तर समाज कशानं बांधलेला राहील? रूढी माणसांना जोडतात, हे मलाही मान्य आहे. २०१९ च्या महापुरात अनोळखी माणसांसाठी घरं उघडली गेली, ती अडल्यानडल्याला धावून जायच्या आपल्या रीतीमुळंच. म्हणून प्रत्येक रूढीला एकच प्रश्न विचारा: हिचं ओझं कोण वाहतं? पुराच्या वेळची रीत सगळ्यांनी मिळून उचललेली असते. वैधव्याची रूढी मात्र आधीच दुःखात बुडालेल्या एकटीवर लादली जाते; पत्नी गेलेल्या पुरुषाला अंगावरचं काहीही उतरवावं लागत नाही. असली रूढी मोडल्यानं समाज तुटत नाही, उलट एक माणूस त्यात परत सामावून घेतलं जातं.

मित्रहो, लवकरच तुमच्या घरांत लग्नाच्या बैठकी होतील, मानपान आणि देण्याघेण्याच्या गोष्टी निघतील, कुणी एखादी विधवा काकू हळदीच्या वेळी मागं उभी राहील. त्या वेळी विरोधाचा पहिला आवाज एकटा असेल. तो निघाला की दुसरा आवाज तुमचा असू द्या. आणि कुणीच बोलत नसेल, तर पहिला आवाज तुम्हीच काढा.