थंडीचे दिवस व शिक्षकाची प्रकृती

पौषातील गारठा वाढला की वर्गाच्या खिडक्या लावून घेतल्या जातात व मुले एकमेकांना बिलगून बसतात. परंतु पडसे होते ते केवळ गारठ्याने नव्हे. कोंदट खोलीत खोकल्या-शिंकांच्या तुषारांतून व हातांवरून त्याचे विषाणू पसरतात. लहान मुलांना वर्षातून ६ ते ८ वेळा पडसे होते. त्यांची नाके पुसणारा शिक्षक त्यातून सहसा सुटत नाही. आणि एकशिक्षकी शाळेत शिक्षक अंथरुणास खिळला की शाळेचेच दार बंद होते.

यास्तव समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. सकाळचा एखादा पाठ ओसरीवरील कोवळ्या उन्हात घ्यावा. मुलाचे नाक पुसल्यावर व जेवणापूर्वी साबणाने निदान २० सेकंद हात धुवावेत. ताप अंगावर काढून वर्गात उभे राहणे ही निष्ठा नव्हे; केंद्रप्रमुखांना वेळीच कळवून विश्रांती घ्यावी. खोकला दोन आठवडे टिकल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करवावी; तेथे क्षयावरील उपचार विनामूल्य मिळतात.

मुले ऐकलेले विसरतात, पाहिलेले उचलतात. बादलीपाशी आधी गुरुजींनी हात धुतले, की मागे मुलांची रांग आपोआप लागते.