बालवाडीतल्या मुलाचे वाचन आणि गणित : घराचा वाटा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला हळदीकुंकवाच्या आधी चार उपयोगाच्या गोष्टी ऐकाव्यात, ही आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा मला दिलेला विषय पाच वर्षांच्या मुलाचा आहे. मूल लहान असले तरी विषय लहान नाही. संध्याकाळी कुठल्याही आळीतून चक्कर मारली, तर एखाद्या तरी घरातून ऐकू येते, "अजून एक ओळ लिही, मगच खेळायला जायचे." मूल रडते, आई चिडते आणि आजी मध्ये पडते. शेवटी ती ओळ पुरी होते. परंतु तेवढ्यात त्या बाळाच्या मनात एक वाक्य घर करून बसते, "मला येत नाही." पाचव्या वर्षी बसलेले हे वाक्य पुढे पंधराव्या वर्षीही निघत नाही. म्हणून आज मला जे सांगायचे आहे, ते मुलाला पुढे कसे ढकलावे हे नव्हे. त्याची गोडी मोडू न देता त्याला पुढे कसे न्यावे, हे आहे.

आधी अपेक्षा काय असावी ते पाहू. केंद्र सरकारने २०२१ साली 'निपुण भारत' नावाचे अभियान सुरू केले. त्यात पहिलीच्या आधीच्या वर्षासाठी काय म्हटले आहे? मुलाला अक्षरे व त्यांचे आवाज ओळखता यावेत, दोन-तीन अक्षरांचे सोपे शब्द वाचता यावेत आणि दहापर्यंतचे अंक ओळखून वाचता यावेत. भगिनींनो, दहापर्यंतचे! आपण मात्र शेजारच्या मुलाला शंभरपर्यंत येते म्हणून आपल्या मुलाला धारेवर धरतो.

हा विचार आपल्याकडे आज आलेला नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केले. त्यांना अनुताई वाघांची साथ मिळाली आणि १९५७ पासून ते काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. जी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, त्यांच्या अंगणातच या बायांनी शाळा नेली. महागडी साधने तिथे कुठून असणार? पाने, फुले, बिया, शंख-शिंपले हीच साधने झाली. वारल्यांच्या पाड्यावर जे जमले, ते आपल्या स्वयंपाकघरात का जमू नये?

आता वाचनाकडे वळू. वाचन डोळ्यांनी होते असे आपण समजतो, पण त्याची सुरुवात कानापासून होते. शब्द हा आवाजांच्या तुकड्यांचा बनलेला आहे, हे ज्या मुलाच्या कानाला कळले, त्याला अक्षर जड जात नाही. यासाठी वही-पेन्सिल काही नको. भाजी निवडता निवडता टाळ्यांचा खेळ घ्या. 'भाजी'ला दोन टाळ्या, 'बटाटा'ला तीन. मग विचारा, 'बटाटा'मधला पहिला 'ब' पळून गेला तर काय उरेल? मूल 'टाटा' म्हणून हात हलवील आणि खदखदून हसेल. आपल्या भेंड्या तरी दुसरे काय आहेत? शब्दाचे शेवटचे अक्षर पकडायचे आणि त्यावरून नवा शब्द काढायचा. आजीला भेंड्या येत असतील, तर वाचनाची पहिली शिक्षिका घरातच आहे असे समजा.

त्यानंतर अक्षरे. आपली देवनागरी या बाबतीत मोठी सोयीची आहे. 'म' या अक्षराचे नाव आणि त्याचा आवाज बहुतेक एकच. पूर्वीचे शिक्षक 'ग म भ न' पासून आरंभ करीत, कारण या अक्षरांची वळणे एकमेकांना जवळची आहेत. या चारच अक्षरांत मन, नग, नभ, गगन, नमन असे शब्द होतात. म्हणजे चार अक्षरे आली की मूल वाचू लागते. सगळी बाराखडी संपेपर्यंत थांबायला नको. मुलाच्या स्वतःच्या नावातली अक्षरेही त्याला लवकर येतात, कारण ती त्याला आपली वाटतात.

काही ठिकाणी मूल हमखास अडखळते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांची गल्लत होते. या जोड्या एकाच दिवशी शिकवू नयेत. एक पक्के झाले की मग दुसरे. तसेच ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहितात आणि तिचा उच्चार मात्र मागून येतो. मूल इथे चुकले तर तो हट्टही नव्हे आणि मंदपणाही नव्हे. लिपीचीच ती खोड आहे, आणि ती सवयीने कळते.

डब्यांवर चिठ्ठ्या लावा : रवा, मीठ, साखर, डाळ. "बाळ, मला मीठ दे बरे," असे म्हटले की वाचन कामाचे होते. आणि दिवसातून एकदा गोष्टीचे पुस्तक घेऊन जवळ बसा. नुसते वाचून दाखवू नका, मध्येच थांबून विचारा, "आता हा ससा काय करील? तो का घाबरला?" वाचताना ओळीखालून बोट फिरवा, म्हणजे वाचन डावीकडून उजवीकडे चालते हे न सांगता कळते. मूल तीच गोष्ट दहा वेळा मागते, त्याला कंटाळू नका. ओळखीच्या गोष्टीतच त्याला शब्द सापडू लागतात.

लिहिण्याची मात्र घाई नको. पाच वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडे अजून पुरती तयार झालेली नसतात. पानेच्या पाने लिहून घेण्यापेक्षा त्याला मटार सोलू द्या, कणकेचे गोळे करू द्या, फुले ओवू द्या. ताटलीत रवा पसरून त्यावर बोटाने अक्षर गिरवू द्या. हात तयार झाला की पेन्सिल आपोआप ताब्यात येते.

आता गणित. "आमच्या बाळाला शंभरपर्यंत येते," असे आपण कौतुकाने सांगतो. एक परीक्षा करून पाहा. त्याच्यापुढे वीस चिंचोके ठेवा आणि म्हणा, "मला यातले सहा दे." शंभर म्हणणारे पुष्कळ मूल इथे मूठभर उचलून देते. आकडे म्हणणे हे पाठांतर आणि मोजणे ही समज. मोजण्यात तीन गोष्टी आहेत. एका वस्तूला एकच आकडा, आकड्यांचा क्रम ठरलेला, आणि शेवटी जो आकडा आला तोच सगळ्यांचा मिळून 'किती'. सहा चिंचोके मोजून झाल्यावर "किती झाले?" असे विचारले आणि मूल पुन्हा एकपासून मोजू लागले, तर तिसरी गोष्ट अजून उमजायची आहे एवढेच समजावे. रागवू नये. पुन्हा दुसऱ्या दिवशी पोळ्या मोजाव्या.

आणखी एक गंमत. सहा चिंचोक्यांची ओळ त्याच्यादेखत लांब पसरली, तर ते म्हणते, "आता जास्त झाले." तुम्ही वाद घालू नका. दोन ओळी समोरासमोर लावून त्यालाच जोड्या जुळवू द्या. डोळ्यांनी पाहिलेले त्याला पटते, आपण ओरडून सांगितलेले पटत नाही.

पानावर बसायच्या वेळी विचारा, "आपण पाच जण, वाट्या तीन, आणखी किती आणू?" हीच वजाबाकी. लाडवांचा डबा रिकामा झाला की शून्य समजते. एका तांब्यात किती पेले पाणी मावते, हे त्याचे त्यालाच ओतून पाहू द्या. थोडे सांडेल, पण मापाची समज सांडण्यातूनच येते.

मराठी आकड्यांची एक अडचण आपण ध्यानात घेतली पाहिजे. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतात आणि लिहिताना दोन आधी येतो. म्हणून मूल २७ च्या जागी ७२ लिहिते. 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक उणे. त्यात तीस ऐकू येते आणि लिहायचे मात्र २९. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा वाद झाला हे आपल्याला आठवत असेल. त्या वादात पडण्याचे आपल्याला कारण नाही. परंतु अडचण खरी आहे. घरी खराट्याच्या दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधाव्यात. दोन जुड्या आणि सात सुट्या काड्या हातात देऊन म्हणावे, "वीस आणि सात, म्हणजे सत्तावीस." जुनी नावेही टिकतात आणि अर्थही कळतो. पण हे दहाच्या आतले पक्के झाल्यावर.

खेळांना कमी लेखू नका. अमेरिकेत सीग्लर आणि रमणी या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांना एक ते दहा आकड्यांच्या घरांचा साधा सोंगटीचा खेळ दिला होता. दोन आठवड्यांत मिळून सुमारे तासभर खेळले, तेवढ्यावर त्यांची आकड्यांची समज वाढली. खडूने फरशीवर दहा घरे आखली की हा खेळ झाला. एक युक्ती मात्र लक्षात ठेवावी. सोंगटी चारच्या घरात असून दोन पडले, तर "एक, दोन" न म्हणता "पाच, सहा" म्हणत पुढे जावे. बेरजेचे बीज त्यातच आहे.

मोबाईलविषयीही बोलले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांच्या आतील मुलांसाठी सूचना दिल्या. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर दिवसात एक तासाहून अधिक बसू नये, त्याहून कमी असेल तर उत्तमच, असे त्यांत म्हटले आहे. पडद्यावर अक्षरे नाचतात, पण मुलाच्या उत्तराची वाट पाहून त्यावर पुढचा प्रश्न विचारणे हे माणसाचे काम आहे.

पुष्कळ मुले आज इंग्रजी शाळेत जातात आणि आईला वाटते, मला इंग्रजी येत नाही, मी काय शिकवणार? बाई, तुम्ही मराठीतच बोला. 'अधिक-उणे', 'लांब-आखूड', 'आधी-नंतर' या कल्पना मराठीत पक्क्या झाल्या, की इंग्रजीत फक्त नावे शिकायची उरतात. आणि ज्या भगिनींना स्वतःला वाचता येत नाही, त्यांनीही मागे राहू नये. चित्रावरून गोष्ट सांगता येते, भेंड्या खेळता येतात, भाकऱ्या मोजता येतात. मुलाने वाचून दाखवले की "मला पण शिकव" म्हणावे; त्याला केवढा हुरूप येईल!

एक सावधगिरी. मूल हाक मारल्यावर लक्ष देत नसेल, पुस्तक फार जवळ धरत असेल किंवा वयाच्या मानाने बोलणे फार मागे असेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी कान व डोळे डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत.

तेव्हा माझे मागणे एवढेच : रोज पंधरा-वीस मिनिटे, तीही मूल भुकेले किंवा झोपेला आलेले नसताना. चुकले तर "पुन्हा पाहू या" म्हणावे. दोन मुलांची तुलना त्यांच्या देखत करू नये. हळदीकुंकवाच्या बैठकीत तर मुळीच करू नये. आणि मंडळापुढे एक सूचना ठेवते. प्रत्येकीने घरातले एक चित्रांचे पुस्तक आणून द्यावे आणि मंडळाने त्यांची एक पेटी करावी. ती पेटी दर आठवड्याला एकेका घरी फिरावी. खर्च काही नाही, आणि पुढच्या वर्धापनदिनापर्यंत आपल्या आळीतल्या कितीतरी मुलांच्या तोंडी "मला येत नाही" ऐवजी "मी वाचून दाखवू?" हे वाक्य येईल.