फिरतीच्या कामासाठी लॅपटॉप : निवड आणि वापर
(भाषणाचा सारांश)



आज आम्हांला दिलेला विषय वरवर साधा वाटेल; परंतु त्यामागे कष्टाच्या पैशाचा प्रश्न आहे. आपल्या अनेक घरांत पहिला लॅपटॉप येतो तो आईने भिशी उचलून किंवा वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून. म्हणूनच तो दुकानातील चकाकी पाहून नव्हे, तर आपले काम पाहून घ्यावा, एवढेच आम्हांला सांगायचे आहे.

प्रथम आमची चूक सांगतो. सुट्टीच्या दिवशी वस्त्यांवर जाऊन आम्ही विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. त्यासाठी आम्ही मोठ्या स्क्रीनचा लॅपटॉप घेतला. चार्जरसह वजन अडीच किलोंच्या वर. एसटीत उभ्याने जाताना खांदा भरून येई, ते सोसले. पण एका गावी दुपारी वीज गेली आणि दीड तासात बॅटरी संपली. मजुरी बुडवून आलेल्या अकरा माता अर्ज न भरताच परतल्या. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या निवडीचा होता. टेबलावर ठेवण्याचे यंत्र आम्ही गावोगाव फिरवत होतो.

१९८१ साली आलेला ऑस्बोर्न-१ हा संगणक सोबत नेण्यासाठीच बनवला होता. पण त्याचे वजन सुमारे ११ किलो होते आणि त्याच्या आत बॅटरीही नव्हती. २००८ साली ॲपलचा मॅकबुक एअर १.३६ किलोंचा आला. आज १४ इंची स्क्रीनचे सव्वा ते दीड किलोंचे लॅपटॉप अनेक कंपन्यांचे मिळतात. वजन पाहताना चार्जरही सोबत मोजावा, कारण खांद्यावर दोन्ही येतात.

बॅटरीची क्षमता वॉट-तासांत दिलेली असते. ५० वॉट-तासांची बॅटरी असेल आणि यंत्र सरासरी १० वॉट वीज घेत असेल, तर पाच तास चालेल. स्क्रीनचा उजेड वाढवला की हा वेळ घटतो. जाहिरातीतील तासांपेक्षा हा हिशेब स्वतः करावा.

बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पट्टीवरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. त्यामुळे किमान ८ जीबी आणि ऐपत असल्यास १६ जीबी रॅम सुरुवातीलाच घ्यावी. साठवणीसाठी एसएसडी असावी. तिच्यात फिरणारे भाग नसल्याने प्रवासातील हादरे ती अधिक सोसते. यूएसबी-सीवर चार्ज होणारे यंत्र घेतल्यास बहुधा एकाच चार्जरवर मोबाइलचेही भागते. आपल्या जिल्ह्यात दुरुस्तीची सोय आहे काय, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे.

आता वापराविषयी. गादीवर किंवा गोधडीवर लॅपटॉप ठेवू नये. हवा कोंडते, यंत्र तापते आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. उन्हात उभ्या गाडीतही ठेवू नये. रेल्वेच्या अनेक डब्यांतील सॉकेटमध्ये ११० व्होल्ट वीज असते. म्हणून चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आहे, हे पाहून घ्यावे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या खास फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की अनेकदा अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक कामाची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. लॅपटॉप हरवला तर पुन्हा घेता येतो. वर्षभराचा प्रबंध बाजारात मिळत नाही. इतरांची कागदपत्रे आपल्याकडे असतील, तर यंत्राला पासवर्ड हवाच. लोकांनी विश्वासाने दिलेला आधार क्रमांक ही त्यांची ठेव आहे.

पुढच्या रविवारी एका विद्यार्थिनीचा हलका लॅपटॉप उसना घेऊन आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. वीज त्याही दिवशी नव्हती, पण काम थांबले नाही. अकरापैकी नऊ जणी आल्या. उरलेल्या दोघींना दुसऱ्यांदा मजुरी बुडवणे परवडले नाही. त्यांच्या घरी संध्याकाळी आम्हीच गेलो आणि शिल्लक बॅटरीवर तेही अर्ज भरले. विद्यार्थी मित्रांनो, यंत्र निवडताना त्या दोघींची आठवण ठेवा. यंत्र असे असावे, की ते घेऊन आपल्याला माणसांच्या दारापर्यंत जाता येईल.