सव्वा गुंठ्याचे मैदान

(मुळशी तालुक्यातील शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर पौड येथे केलेले भाषण)



मुळशीकरांपुढे कबड्डीविषयी बोलणे म्हणजे त्यांना भाताची लावणी शिकविण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. तरीही हा विषय मी घेतला, तो एका पराभवामुळे. २३ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेच्या उपांत्य सामन्यात भारताच्या पुरुष संघाला इराणने २७–१८ असे हरविले. १९९० साली बीजिंग येथे या स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला, तेव्हापासून २०१४ पर्यंत सलग सातही सुवर्णपदके आपलीच होती. ती परंपरा त्या दिवशी खंडित झाली आणि आपल्याला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले.

वर्तमानपत्रांनी हा धक्का अनपेक्षित असल्याचे लिहिले. मला तसे वाटत नाही. इराणबरोबर झालेले काही अंतिम सामने पाहा. मुंबईस २००४ साली भरलेल्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत आपण ५५–२७ असे जिंकलो. घाटाखालच्या पनवेलला २००७ मध्ये गुणफलक होता २९–१९. इंचॉन येथे २०१४ च्या आशियाई स्पर्धेत मध्यंतराला आपण मागे होतो आणि अखेर २७–२५ अशी केवळ दोन गुणांनी अब्रू राखली. अहमदाबादच्या २०१६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना ३८–२९ असा जिंकला हे खरे. परंतु त्याच स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला ३४–३२ असे नमविले होते. जकार्तातही उपांत्य सामन्यापूर्वी गटातील सामन्यात कोरियाने एका गुणाने मात केलीच होती. इशारे मिळत होते. आपण मात्र पदकेच मोजत होतो.

जकार्तातील या पराभवाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या महिला संघालाही अंतिम सामन्यात इराणकडूनच २७–२४ अशी हार पत्करावी लागली. त्या विजयी इराणी संघाच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. महाराष्ट्रातील एक बाई परमुलखात जातात, तेथील मुलींशी बोलता यावे म्हणून त्यांची भाषा शिकतात, सरावात योगासने व प्राणायाम यांना स्थान देतात आणि आपल्याच देशाच्या संघाविरुद्ध सुवर्णपदक मिळवून देतात. यात कोणी फितुरी पाहिली असेल तर त्याने शिक्षकाचा धर्म ओळखला नाही, असे मी म्हणेन. खेळ शिकविणाऱ्याच्या मागे जातो. जन्मभूमी कोणती हे तो विचारीत नाही.

आपल्याकडेही असे शिकविणारे होऊन गेले. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी गावोगावच्या हुतुतूला शिस्तबद्ध, आंतरराष्ट्रीय खेळाचे रूप यावे म्हणून आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी हार घातले जातात, भाषणे होतात. मीही केली आहेत. पण जकार्ताच्या बारा जणांच्या पुरुष संघात महाराष्ट्राचे खेळाडू दोन होते: गिरीश एर्नाक आणि रिशांक देवाडिगा. पुढे हांगझोऊला गेलेल्या बारांतही दोनच, अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे. या खेळाची नियमावली घडविण्यात ज्या प्रांताचा एवढा वाटा, त्याच्या वाट्याला बारांत दोन! हा आकडा आपण सर्वांनी जरा वेळ मनात ठेवावा.

हांगझोऊची ती स्पर्धा २०२२ ची, पण भरली २०२३ साली. ७ ऑक्टोबर रोजी पुरुष संघाने इराणला ३३–२९ असे हरवून सुवर्णपदक परत आणले. त्याच दिवशी महिलांनी चिनी तैपेईवर २६–२५ असा निसटता विजय मिळविला व त्या स्पर्धेतील भारताचे शंभरावे पदक नोंदविले. पुरुषांच्या सामन्यात मात्र गुणफलक २८–२८ असताना आणि दोन मिनिटांहूनही कमी अवधी उरला असताना लॉबीच्या नियमावरून वाद झाला आणि खेळ सुमारे तासभर थांबला. त्याकडे मी शेवटी येतो.

त्या अंतिम सामन्यात अस्लम इनामदारचा संघ एका बाजूला आणि इराणचा बलदंड बचावपटू महंमदरेझा शादलुई दुसऱ्या बाजूला होता. दोनच महिन्यांनी, डिसेंबरात, हे दोघे पुणेरी पलटणचे सहकारी म्हणून म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात एकत्र खेळले. १ मार्च २०२४ रोजी अस्लमच्या नेतृत्वाखाली याच पलटणने हरियाणाच्या संघाला २८–२५ असे नमवून प्रो कबड्डीचे अजिंक्यपद पटकावले. परदेशी खेळाडू आपल्या मॅटवर शिकतात आणि ती विद्या घेऊन आपल्याशीच झुंजतात, याची मला खंत नाही. खंत निराळीच आहे. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभे राहिले. ते ज्या म्हाळुंग्यात आहे ते गाव मुळशी तालुक्यातले. २०२१ पासून महापालिकेच्या हद्दीत गेले एवढेच. इराणचा खेळाडू तेथवर पोहोचला. पौड खोऱ्यातला मुलगा तेथवर पोहोचतो का?

तो पोहोचण्यासाठी काय लागते, हे पंचायत सदस्यांनी हिशेबाने पाहावे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, म्हणजे १३० चौरस मीटर, अर्थात जेमतेम सव्वा गुंठा. भोवती चारही बाजूंनी चार मीटर मोकळी जागा सोडली तरी चार गुंठे भरत नाहीत. हिंजवडीपासून इकडे जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर गावठाणालगतच्या मोकळ्या जागेवर प्रत्येकाची दृष्टी असते, हे मी जाणतो. सभागृह हवे, वाहनतळ हवा, हेही खरे. परंतु चार गुंठ्यांची नोंद ग्रामसभेच्या ठरावात ‘क्रीडांगण’ अशी एकदा झाली, तर पुढच्या सदस्यांना ती पुसताना निदान संकोच वाटेल.

मॅट महाग असते. ती पहिल्या वर्षी नसली तरी चालेल. मातीत खेळलेल्या मुलाला मॅटवर पाय रोवायला, बूट घालून वळायला वेळ लागतो, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी एक तरी मॅट असावी आणि शाळांनी ती पाळीपाळीने वापरावी.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी, तो लॉबीचा वाद. आपल्या अनेक शाळांत फक्कीने एक चौकोन काढतात, मध्ये एक रेघ ओढतात आणि झाले मैदान. दोन्ही कडांची एकेक मीटरची लॉबी आखलेलीच नसते. झटापट किंवा स्पर्श होण्यापूर्वी त्या पट्टीत पाऊल टाकणारा बाद होतो, हे मग मुलाला कळावे कसे? हांगझोऊचे सुवर्णपदक तासभर त्याच एक मीटरच्या पट्टीवर अडून बसले होते. तेव्हा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, आणि दोन्ही कडांना लॉबी, अशा सर्व रेषा आखाव्यात. मुलींसाठी १२ बाय ८ मीटरचे निराळे मैदान आखावे. तेथे निदान रेषा तीन मीटरवर येते. टेप आणि फक्कीची एक गोणी एवढेच त्याला पुरते.