बालकांस ताल हवा, निवड नको
संमेलनासाठी आपण दोन-चार गोड गळ्याची मुले निवडतो आणि उरलेल्यांस प्रेक्षकांत बसवितो. ‘तुला गळा नाही’ हे एकदा ऐकलेले मूल पुढे जन्मभर गात नाही, हे आम्ही आमच्याच घरांत पाहिले आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. तेथे शाळाच मुलांच्या अंगणात गेली. तोच मार्ग आपणही धरावा. पेटीवाचून अडत नाही. प्रथम मुलांच्या चालीवर आपण टाळी धरावी. मग केरव्याच्या ८ मात्रा त्यांच्या पावलांत व टिपऱ्यांत हळूहळू उतरतात. पट्टी उंच, त्यांच्या गळ्यास सोसेल अशी घ्यावी.

यंदा एकही मूल न वगळता सर्वांस रंगमंचावर उभे करावे, ही आमची नम्र विनंती.