सँटोरिनीचं रील, मालवणची बोट आणि घरी राहणारी आई

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर बसमध्ये, रांगेत, जिथं असाल तिथं वाचा. बोललेलं जवळपास तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? आज आपण फिरायला जाणार आहोत. बिलोलीहून समुद्रावर. आता तुम्ही म्हणाल, बिलोलीला कुठला समुद्र? आमच्याकडं मांजरा नदी आहे, आणि उन्हाळ्यात तिच्यात पाण्यापेक्षा वाळू जास्त दिसते. म्हणूनच तर समुद्राचं एवढं वेड.

गोष्ट सुरू होते २०२४ च्या जूनमध्ये. पेरणीचे दिवस. आमच्या ग्रुपवर एका मित्रानं एक रील टाकलं. पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट, खाली निळाशार समुद्र. ग्रीसमधलं सँटोरिनी बेट. खाली त्यानं लिहिलं, "पुढच्या वसंतात आपण सगळे इथं." पाच मिनिटांत अकरा अंगठे आले. अंगठा द्यायला काय लागतं?

मग मी जरा शोधाशोध केली. वसंतात तिकडं जाणं खरंच शहाणपणाचं आहे. एप्रिल-मे मध्ये डोंगरावर रानफुलं असतात, गर्दी कमी, खोल्या स्वस्त. समुद्र मात्र पोहायला गारच असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथं उत्तरेकडून 'मेल्टेमी' नावाचा वारा सुटतो, आणि तो वाढला की बोटी बंद. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून सँटोरिनीला बोटीनं जायला पाच ते आठ तास लागतात.

हे सगळं ठीक. पण त्याआधी पासपोर्ट. मग शेंगेन व्हिसा, त्याची फी त्याच महिन्यात ८० वरून ९० युरो झाली होती. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. निदान ३० हजार युरोचा प्रवासी विमा. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. आता आमच्यातल्या निम्म्यांच्या खात्यात सोयाबीनचे पैसे येतात आणि आठवड्यात खताच्या दुकानात जातात. ते स्टेटमेंट बघून व्हिसा देणाऱ्या साहेबालाच वाईट वाटलं असतं. (हसतो)

तर ग्रीस पुढं ढकललं. रद्द नाही हं, पुढं ढकललं. पण बेट सोडायचं नाही असं ठरलं. आणि बेट तर आपल्याकडंपण आहे की! मालवणसमोरचं कुरटे बेट. त्याच्यावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग बांधायला घेतला, आणि तीन वर्षांत उभा केला. जवळपास ४८ एकरांचा किल्ला, चारही बाजूंनी पाणी.

आम्ही भिशी सुरू केली. माणशी महिन्याला ८०० रुपये, जून ते मार्च, दहा महिने. आणि आता आजच्या भागाचा खरा मुद्दा येतो.

यादी करायला बसलो तेव्हा मी सहज घरी सांगितलं, आम्ही एवढे एवढे जण चाललोय. आजी म्हणाली, "कुठं जाऊलालाव रे?" मी फोटो दाखवला. बराच वेळ बघत बसली. मग विचारलं, "तुझी माय येऊलाली का?"

मी गप्प. कारण आईला विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या घरातून लग्नाला, देवाला, दवाखान्याला सगळे जातात. आई घर सांभाळते. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, काही माहीत नाही. असंच आहे.

मी आईला विचारलं, येतेस का? ती म्हणाली, "मला नाही आवडत फिरायला." बरं. दोन दिवसांनी परत विचारलं. "घर कोण बघल?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा खरं कारण आलं. "एप्रिलात नळाला पाणी कधी येतंय त्याचा नेम नाही. आलं आन् घरी कुणी नसलं तर परत चार दिवस काय प्यायचं?"

बघा, आवडीचा प्रश्नच नव्हता. पाण्याचा होता. मी २२ वर्षं त्या घरात राहतोय आणि मला हे तिसऱ्यांदा विचारल्यावर कळलं.

मग आम्ही बाकीच्या घरांतपण हेच विचारलं. 'कोण येणार' असं विचारायचं सोडलं, 'कोण येणार नाही आणि का' असं विचारलं. मित्राच्या आत्याला गाडी लागते म्हणून ती नको म्हणायची. एका काकूकडं म्हैस होती. एका मैत्रिणीच्या घरचे म्हणाले, नुसत्या पोरांत पाठवत नाही, मोठं कुणी असेल तर बघू. म्हणजे काकू आल्या की ही येणार, आणि म्हशीची सोय झाली की काकू येणार. आमची अख्खी सहल एका म्हशीवर अडकली होती!

एकेक गाठ सोडवली. म्हशीचं काकूंच्या दिरानं घेतलं. आत्याला पुढची सीट. आणि पाण्याचं? आमच्या शेजारच्या चाचींना आईनं स्वतः जाऊन विचारलं. चाची म्हणाल्या, "तुम बेफिकर जाओ, मैं भर लेती." ठरलं असं की ते लग्नाला हैदराबादला जातील तेव्हा त्यांची टाकी आई भरणार. शेवटी यादी झाली चौदा जणांची. त्या अकरा अंगठ्यांतले प्रत्यक्ष आले सहा. बाकी आठ जणांनी ते रील बघितलंपण नव्हतं.

दरम्यान २०२५ च्या फेब्रुवारीत बातमी आली. सँटोरिनीला भूकंपाचे शेकडो धक्के बसतायत, हजारो लोक बोटीनं आणि विमानानं बेट सोडून चाललेत, शाळा बंद. मित्र म्हणाला, बरं झालं आपण गेलो नाही. आजी काय म्हणाली माहिताय? "तिथली माणसं रातच्याला कुठं निजूलालेत?" आपल्याकडं ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कुणी विसरलेलं नाही. किल्लारीनंतर आजी कितीतरी दिवस अंगणात झोपायची. आमच्यासाठी सँटोरिनी म्हणजे फोटो होता. आजीनं त्याच्यात माणसं बघितली.

तारीख निवडली पाडव्यानंतरची. हरभरा निघालेला, बारावीचे पेपर संपलेले, चाचींच्या घरची ईद झालेली. आणि पावसाळ्याच्या आधी जाणं भाग होतं, कारण पावसाळ्यात समुद्र खवळतो आणि किल्ल्याच्या बोटी बंद होतात. ग्रीसला वारा ठरवतो, आपल्याकडं पाऊस.

पहाटे चारला ट्रॅव्हलर निघाली. नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर. लातूरला चहाला थांबलो तेव्हा लक्षात आलं, आई आणि काकूंनी घरून निघाल्यापासून पाण्याचा घोटपण घेतला नव्हता. का? तर रस्त्यात जायची सोय कुठं असेल, कुणाला थांबवा म्हणायचं, म्हणून पाणीच प्यायचं नाही. पोरांनो, हे ऐका. आपण कुठंही गाडी थांबवतो आणि उतरतो. त्या तहान मारून बसतात. तिथंच नियम केला, दर दोन तासांनी गाडी थांबणार, कुणी सांगो न सांगो. पेट्रोल पंप नाहीतर चांगलं हॉटेल, आणि आधी मुलींपैकी एकीनं जाऊन स्वच्छ आहे का बघायचं. वेळ वाढला. वाढू द्या.

पुढं तुळजापूर, सोलापूर, आणि दुपारनंतर मिरज. मिरजेला मी सगळ्यांना सांगितलं, इथूनच २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी गेलं होतं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा आम्ही शाळेत होतो आणि ते टीव्हीवर बघायला भारी वाटायचं. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एवढ्या लांबून आणलं व्हय पाणी." रस्त्यानं ते अंतर अंगावर घेतल्यावर ती बातमी वेगळी कळली.

रात्री कोल्हापूरला मुक्काम, सकाळी अंबाबाईचं दर्शन, ती आजीची अट होती. मग राधानगरीवरून फोंडा घाट उतरलो, आणि कणकवली करून मालवण. आत्याला घाटात एकदाच उलटी झाली. तिनं त्याचं फार कौतुक सांगितलं सगळ्यांना.

समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा आम्ही पोरांनी मोबाईल काढले. आजीनं चप्पल काढली. नदीला करतात तसा नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला. इथं एक कामाचं सांगतो. बोटीत बसायच्या आधी लाइफ जॅकेट मागा आणि बंद बांधा. फोटोत चांगलं दिसत नाही म्हणून काढू नका. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीचा अपघात सगळ्यांनी बघितलाय, माणसं गेली त्यात. बोटीत जास्त माणसं भरत असतील तर पुढच्या बोटीनं जा. म्हाताऱ्या माणसाला चढवताना एकानं बोटीत आणि एकानं धक्क्यावर उभं राहायचं. आजीला आम्ही तसंच चढवलं.

किल्ल्याजवळ गेलं तरी दरवाजा दिसत नाही. तट असा वळवलाय की अगदी समोर गेल्यावरच वाट कळते. आत महाराजांच्या हातापायाचे ठसे दाखवतात, राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वर मंदिर आहे. आणि तीन विहिरी आहेत. दूधविहीर, दहीविहीर, साखरविहीर. चारी बाजूंनी खारं पाणी आणि या तिन्ही विहिरींचं पाणी गोडं!

तिथं अजून काही कुटुंबं राहतात. त्यातल्या एका ताईंनी आईला तांब्याभर पाणी दिलं. आईनं आधी चूळ भरल्यासारखं चाखून बघितलं, मग सगळा तांब्या संपवला. आणि विचारलं काय? इतिहास नाही, फोटो कुठं काढू नाही. तिनं विचारलं, "उन्हाळ्यात पुरतं का? शेंदायला किती वेळ लागतो? कोण भरतं, तुम्हीच का?" त्या दोघी विहिरीच्या कठड्याजवळ अर्धा तास बोलत होत्या. पावसाळ्याआधी धान्य कसं भरून ठेवतात, बोट नसली की दवाखान्याचं काय. आम्ही तटावर सेल्फी काढून परत आलो तरी त्यांचं चालूच.

सँटोरिनीतपण पूर्वी लोक पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवायचे, आणि आता समुद्राचं पाणी गोडं करायचे कारखाने चालवावे लागतात. उन्हाळ्यात पाहुणे वाढले की पाण्याची ओढाताण होते. रीलमध्ये ते घुमट दिसतात, टाकी दिसत नाही. मला वाटतं आईला तिकडं नेलं असतं तर तिनं तिथल्या बाईलापण हेच विचारलं असतं.

हिशेब सांगतो, कारण तुम्ही मेसेज करून विचारणारच. जमा झाले १ लाख १२ हजार. गाडी, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता ४८ हजार. पाच मुक्काम ३५ हजार. जेवण, बोटी आणि फुटकळ २६ हजार. पहिल्या दिवशीचं जेवण घरचंच, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. उरले ३ हजार. हिशेबाची वही रोज रात्री सगळ्यांसमोर वाचायची, म्हणजे मनात काही राहत नाही. आणि एका दिवसाचा कार्यक्रम पूर्ण रिकामा ठेवा. त्या दिवशी आम्ही पोरं तारकर्लीला पाण्यात, आजी झाडाखाली झोपलेली, आणि आई, काकू, आत्या तिघी साडी गुडघ्यापर्यंत धरून लाटेत उभ्या. चांगल्या तासभर. कुणी त्यांना चहा करायला सांगितला नाही.

आम्ही परत आलो आणि तीन महिन्यांनी, जुलैमध्ये, युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात सिंधुदुर्ग आहे. आईनं बातमी बघितली आणि चाचींना हाक मारून सांगितलं, "मी पाणी प्यायले तिथलं."

आता आईच विचारते, औंदा कुठं? उरलेले ३ हजार पुढच्या भिशीत टाकलेत. यावेळी चाचींचं नाव यादीत आहे, त्यामुळं दोन्ही घरांचं पाणी कोण भरणार हा प्रश्न उभा आहे. बहुतेक मी मागं राहणार. एकदा राहून बघतो.

तर मंडळी, तुमचा ग्रुप पण कुठंतरी जायचं ठरवत असेल. ठिकाण नंतर ठरवा. आधी घरात विचारा, कोण येत नाही आणि का. एकदा विचारून थांबू नका, पहिलं उत्तर बहुतेक खरं नसतं. जे उत्तर मिळेल ते मला व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. चला, काळजी घ्या, पाणी प्या. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार!