धक्का बसला, आता चाकाकडे पाहा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मोटार चालवणाऱ्या प्रत्येकाला एक आवाज पक्का ओळखता येतो. वळण थोडं आतून घेतलं, पावसात दुभाजक दिसला नाही किंवा समोरून घुसलेल्या रिक्षाला जागा द्यायला गाडी डावीकडे दाबली, आणि पदपथाच्या दगडावर चाक आदळून ‘धाड्’ झालं. मग माणूस काय करतो? थांबलाच तर खाली उतरून बंपरवरून हात फिरवतो, रंग गेला नाही ना ते पाहतो आणि ‘काही नाही, जरा घासलंय’ म्हणत पुढे निघतो. मोटार विम्याच्या दाव्यांची पाहणी करण्यात माझी बरीच वर्षं गेली. रंगाचं नुकसान हे या प्रकरणातलं सगळ्यांत निरुपद्रवी नुकसान, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

धडक सोसली कुणी ते आधी पाहू. चाक दगडावर आदळतं तेव्हा दगड आणि रिमची कड यांच्यामध्ये टायर चेपला जातो, अडकित्त्यात सुपारी सापडावी तसा. टायरमधले पोलादी पट्टे रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली असतात. बाजूच्या भिंतीत ते नसतात. तिथं असतात बहुधा पॉलिएस्टरचे दोर. अडकित्त्यात सापडून त्यांतले काही तुटतात. वरचं रबर मात्र शाबूत दिसतं. मग आतली हवा त्या कमकुवत जागी रबराला बाहेर ढकलते आणि टायरला फुगा येतो.

आता थोडं गणित. टायरवर आकडे असतात, उदाहरणार्थ १६५/८० आर १४. यातला १६५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आणि ८० म्हणजे भिंतीची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के. हिशेब केला तर भिंत १३२ मिलिमीटर निघते. हल्ली मोठ्या अलॉय चाकांची हौस आहे. १९५/५५ आर १६ घेतला तर भिंत उरते १०७ मिलिमीटर. चाक मोठं झालं, गाडी देखणी झाली, पण धक्का खाणारी गादी पातळ झाली. आणि समोर दगड केवढा? इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. आपल्याकडचे पदपथ तुम्ही पाहिलेलेच आहेत. काही ठिकाणी वर चढायला आजीबाईंना दोन्ही बाजूंनी हात द्यावा लागतो. वेगाचाही विचार करा. ताशी २० ऐवजी ४०च्या वेगानं आदळलात तर धक्क्याची ताकद दुप्पट नाही, चौपट होते.

तर धक्का बसल्यावर पहिली गोष्ट म्हणजे गाडी सुरक्षित जागी, कडेला घेऊन चारही दिवे लुकलुकते ठेवायचे आणि इंजिन बंद करायचं. उतरण्याआधी मागून काही येत नाही ना ते पाहायचं. बंपर नंतर, आधी गाडीच्या पोटाखाली वाकून बघा. काही ठिबकतंय का? एसी चालू असेल तर स्वच्छ पाणी ठिबकणारच, त्याची काळजी नको. हिरवट किंवा गुलाबी पाणी असेल तर ते रेडिएटरचं कूलंट. काळं किंवा तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारं असेल तर इंजिनाचं ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूनं तेलकट, पिवळसर थेंब ओघळत असेल आणि ब्रेकचा पेडल मऊ लागत असेल तर ते ब्रेकचं ऑइल. यांतलं काहीही दिसलं तर गाडी तिथून चालवत हलवायची नाही, उचलून न्यायची.

ऑइलच्या चेंबरविषयी जरा जास्त सांगतो, कारण इथं लोकांचे मोठे पैसे बुडताना मी पाहिले आहेत. दगड चाकाखालून निसटून पोटाला लागतो, चेंबरला चीर जाते, ऑइल गळू लागतं. डॅशबोर्डवर ऑइलच्या किटलीचं लाल चित्र पेटतं. मालक म्हणतो, गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे. त्या दोन किलोमीटरमध्ये इंजिन जाम होतं. चेंबर फुटणं हा अपघात, त्याचे पैसे विमा कंपनी देते. ऑइल नसताना गाडी दामटल्यामुळे इंजिन गेलं तर तो परिणामी तोटा, आणि साध्या पॉलिसीत तो बसत नाही. त्यासाठी इंजिनाचं वेगळं जोडसंरक्षण घेतलेलं असावं लागतं, आणि त्याच्याही अटी वाचलेल्या बऱ्या.

विजेवर चालणाऱ्या गाडीचं आणखी वेगळं. तिची बॅटरी बहुधा तळाशी, चाकांच्या मधोमध पसरलेली असते. तळाला जोरात मार बसला असेल तर तज्ज्ञ कारागिरानं तपासेपर्यंत गाडी चार्जिंगला लावू नका. वास किंवा धूर आला तर सगळ्यांनी उतरून लांब व्हायचं.

ठिबकत काही नसेल तर टायरकडे वळा. बाहेरची बाजू सगळेच पाहतात. आतली कुणी पाहत नाही, आणि फुगा आतल्या बाजूलाही येतो. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, म्हणजे एका चाकाची आतली बाजू थोडी दिसेल. मग दुसरीकडे वळवा. मागच्या चाकांसाठी टॉर्च लागेल, आणि नीट पाहायचं तर गॅरेजमध्ये गाडी वर उचलूनच. हात फिरवलात तर डोळ्यांना न दिसणारा उंचवटा बोटांना कळतो. एक खुलासाही करून ठेवतो. भिंतीवर आत गेलेली हलकी उभी घडी दिसली तर घाबरू नका. टायर बनवताना थर जिथं एकमेकांवर जोडतात तिथं ती बऱ्याचदा असते. धोका बाहेर आलेल्या फुग्याचा. त्याला पंक्चरचं औषध चालत नाही, पॅच चालत नाही, ‘आतून तुकडा लावून देतो साहेब’ हेही चालत नाही. स्टेपनी चढवायची आणि तो टायर बाद करायचा. नव्या गाडीत स्टेपनी आहे का हेही पाहून ठेवा. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा २०२०च्या नियमबदलानं कंपन्यांना मिळाली. त्या संचातल्या डिंकानं खिळ्याचं भोक बुजेल, फुटलेली भिंत नाही.

फुगा लगेच येतोच असं नाही. कधी दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्यानं दिसतो. गणपतीला कोकणात निघालेल्या एका कुटुंबाचा दावा माझ्याकडे आला होता. चार दिवस आधी गाडी शहरातच दुभाजकावर चढली होती. स्टिअरिंग थोडं उजवीकडे राहायला लागलं, म्हणून मालकांनी जवळच्या दुकानात अलाइनमेंट करून घेतली. स्टिअरिंग सरळ झालं, मालक निश्चिंत. घाट उतरल्यावर डाव्या पुढच्या चाकाचा टायर आतल्या भिंतीतून फुटला आणि गाडी रस्त्याकडेच्या कठड्याला घासत थांबली. मागच्या सीटवर दोन मुलं आणि आजी होती. कुणाला खरचटलंही नाही. टायर मी हातात घेऊन पाहिला. फाटलेल्या जागेसमोरच रिमची आतली कड बोटभर आत गेलेली होती. अलाइनमेंट करणाऱ्यानं चाक उतरवून पाहिलं असतं तर ते त्याच दिवशी दिसलं असतं. पण त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं आणि त्यानंही विचारलं नव्हतं.

वेग वाढला की टायर तापतो आणि तुटक्या दोरांची परीक्षा होते. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण खुला झाला. सपाट भागात मोटारींना ताशी १२०ची मुभा आणि तासन्‌तास एकच वेग. सुरुवातीच्या काळात, २०२३मध्ये, परिवहन विभागाला तिथं प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासावे लागले होते ते उगीच नाही. गावातल्या खड्ड्यांत महिनाभर निभावून गेलेला टायर अशा रस्त्यावर तासाभरात दगा देऊ शकतो.

आता रिम. पोलादी रिम वाकते, अलॉय वाकते किंवा तडकते. पोलादी रिमचा किरकोळ पोचा ठोकून सरळ होतो. तडकलेलं अलॉय वेल्डिंग करून देणारे लोक आहेत. मी स्वतः ते चाक माझ्या गाडीला लावणार नाही. तडा बारीक असेल तर हवा हळूहळू जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरची हवा चारही चाकांत मोजा. एकात चार-पाच पौंड कमी भरली तर पंक्चरवाल्याला रिमच्या कडेनं साबणाचं पाणी लावायला सांगा. बुडबुडे येतील ती जागा.

यानंतर येतं ते स्टिअरिंग आणि त्याच्या मागचं सगळं. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ३०-४०नं गाडी चालवा. गाडी सरळ जाताना स्टिअरिंग तिरकं राहतंय का? गाडी एका बाजूला ओढते का? लहान खड्ड्यावर ‘टक टक’ वाजतंय का? ६०-८०च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतंय का? थरथर असेल तर बहुधा रिम वाकलेली असते किंवा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलेलं असतं. ओढणं आणि तिरकेपणा असेल तर टाय रॉड, लोअर आर्म किंवा खुद्द शॉकअ‍ॅब्सॉर्बर वाकल्याचा संशय घ्यायचा. टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगनं चाकाला वळवणारी काठी, लोअर आर्म म्हणजे चाकाला खालून धरून ठेवणारा हात. कारागीर गाडी उचलून चाक दोन्ही हातांनी आधी वर-खाली धरून आणि मग डाव्या-उजव्या बाजूंना धरून हलवतो. त्यात खुळखुळ लागली तर सांधा किंवा बेअरिंग ढिलं झालं असं समजतो. बेअरिंगचं दुखणं कधी उशिरानं बोलतं. काही दिवसांनी वेगाबरोबर वाढणारी एकसारखी घरघर ऐकू येऊ लागते, वळणावर ती कमी-जास्त होते.

अलाइनमेंट हे या तपासणीचं शेवटचं पाऊल, पहिलं नव्हे. वाकलेल्या टाय रॉडचे आटे फिरवून चाक सरळ दाखवता येतं. वाकलेला भाग मात्र वाकलेलाच राहतो. यंत्रावर गाडी चढवलीत तर समायोजनाच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही छापील कागद मागून घ्या. त्यावर ‘टो’ आणि ‘कॅम्बर’ असे शब्द असतात. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकाचं तोंड आत-बाहेर किती आहे ते. हे दुरुस्त करता येतं. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाक किती कललं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत पुढच्या चाकाचा कॅम्बर फिरवून बदलण्याची सोयच नसते. म्हणून एका चाकाचा कॅम्बर लाल आकड्यात आला आणि दुसऱ्याचा हिरव्यात असला, तर काहीतरी वाकलंय हे त्या कागदानंच सांगितलं. तेव्हा ‘एवढं चालतं साहेब’ हे उत्तर घेऊन घरी येऊ नका. टोचा हिशेबही बघा. चाक एका अंशानं तिरकं असेल तर किलोमीटरमागे ते सुमारे १७ मीटर आडवं घासत जातं. नवा टायर काही महिन्यांत एका कडेनं गुळगुळीत का होतो, ते यावरून कळेल. मागचं चाक आदळलं असेल तर मागचे आकडेही पाहायचे. अनेक दुकानांत फक्त पुढचे दाखवून मोकळे होतात. आणि गाडीत घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असेल तर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर पुन्हा शून्यावर आणलाय का, हे विचारा.

विम्याबद्दल थोडक्यात. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत एकट्या टायरचं नुकसान मिळत नाही. त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीचे ५० टक्के मिळतात. हल्ली टायरसाठी वेगळं जोडसंरक्षणही मिळतं. दावा करायचा असेल तर काहीही खोलण्याआधी कंपनीला कळवा आणि चाक, रिम, दगड, सगळ्यांचे फोटो जागेवरच काढा. खर्च दोन-तीन हजारांचा असेल तर दावा न केलेलाच बरा. कारण पाच वर्षं दावा न करता काढली की बोनस ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि एका लहान दाव्यानं तो शून्यावर येतो.

काही श्रोत्यांनी पत्रातून विचारलं आहे की दगड समोर आलाच तर काय करायचं. आदळण्याआधी जेवढा वेग कमी करता येईल तेवढा करा, पण अगदी आदळतानाच्या क्षणी ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली गेलेलं असतं आणि पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर आधीच दबलेले असतात. धक्का घ्यायला त्यांच्यात जागा उरत नाही. स्टिअरिंग घट्ट धरा, पण अंगठे आतल्या दांड्यांत अडकवू नका.

आणि जुनी गाडी विकत घेताना रंग, सीट आणि म्युझिक सिस्टिम बघून झाली की एकदा खाली बसा. चारही रिमच्या आतल्या कडा बोटांनी चाचपा. टायर एका कडेनं जास्त झिजलाय का पाहा. भिंतीवरचा चार आकड्यांचा शिक्काही वाचा. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. चारांपैकी एकच टायर नवा असेल तर मालकाला विचारा, बाकीचे तीन जुने असताना हा एकच का बदलला?